ताट गरम ठेवायचे की अन्न?



हॉटेल-खानावळीच्या धंद्यात आपली माणसे पुष्कळ आहेत. कोणी मोरीवर बशा घासतो, कोणी वेटर आहे, कोणी आचाऱ्याच्या हाताखाली कांदा चिरतो. बहुतेकांची हयात दुसऱ्याच्या गल्ल्यासाठी राबण्यात गेली. आता हे चित्र थोडेथोडे बदलते आहे. बचत गटाच्या भगिनी कचेऱ्यांतील आणि दवाखान्यांतील कॅन्टीन चालवायला घेतात, बारशाच्या व लग्नाच्या ऑर्डरी घेतात. पंधरा-वीस वर्षे हॉटेलात काढलेला एखादा भाऊ हिंमत करून स्वतःचे चार टेबलांचे हॉटेल टाकतो. ही फार समाधानाची गोष्ट आहे.

पण धंदा म्हटला की भांडवल आले आणि भांडवल म्हटले की बहुतेकांच्या वाट्याला कर्ज आले. कर्जाच्या प्रकरणाला सामानाची यादी आणि दुकानदाराचे कोटेशन जोडावे लागते. अशा याद्या तपासून देण्यासाठी लोक माझ्याकडे आणतात. अलीकडे त्या यादीत एक नवे नाव दिसू लागले आहे, ते म्हणजे 'प्लेट वॉर्मर'. मोठ्या हॉटेलात ते असते म्हणून आपल्याकडेही असावे असे वाटते. दुकानदारही ते आग्रहाने लिहून देतो. घ्यावे की नाही, घेतले तर कोणते घ्यावे आणि कसे वापरावे, याचा विचार आज करू.

हे यंत्र करते काय?

नावातच उत्तर आहे. प्लेट वॉर्मर प्लेट गरम करतो. आत विजेची कॉइल असते, काही यंत्रांत हवा फिरवणारा छोटा पंखा असतो आणि उष्णता ठरावीक अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट असतो. धुऊन कोरड्या केलेल्या रिकाम्या प्लेटा त्यात ठेवायच्या. त्या साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. मग त्यात जेवण वाढून गिऱ्हाइकापुढे न्यायचे. यंत्राचे काम एवढेच आहे.

येथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. 'वॉर्मर' म्हटले की अन्न गरम ठेवण्याचे यंत्र, असे धरून लोक भाजीचे पातेले, भाताचा डबा त्यात सरकवतात. ते चूक आहे आणि धोक्याचेही आहे. त्याची हवा ६०-६५ अंशांची. त्या हवेने पाच-सात किलो भाजीच्या मधल्या भागापर्यंत उष्णता पोहोचायला तासन् तास लागतील, आणि तोवर भाजी कोमट राहील. कोमट अन्न म्हणजे जंतूंचा पाळणा. यासाठी वेगळी साधने आहेत, ती पुढे पाहू. सध्या एवढे लक्षात ठेवा की ताट गरम करणे हे एक काम आहे आणि अन्न गरम ठेवणे हे दुसरे. यंत्र घेण्याआधी आपली अडचण यांतली नेमकी कोणती, ते ओळखा.

प्लेट किती उष्णता खाते?

थोडा हिशेब करू. चिनी मातीची जेवणाची एक जाड प्लेट साधारण ६०० ग्रॅम वजनाची धरा. ती २५ अंशांवर आहे. तिच्यात ७० अंशांचे अडीचशे ग्रॅम जेवण वाढले. दोघांची उष्णता पूर्णपणे एकमेकांत वाटली गेली, तर जेवण सुमारे ५३ अंशांवर येईल. म्हणजे गिऱ्हाइकाने पहिला घास घेण्याआधीच प्लेटने १७ अंश खाल्ले. हीच प्लेट ६० अंशांपर्यंत तापवलेली असेल, तर तेच जेवण ६६ अंशांवर राहील. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात सगळी प्लेट अन्नाखाली झाकली जात नाही आणि वाऱ्यानेही उष्णता जाते. पण फरक कोणत्या बाजूला आणि केवढा, ते यावरून कळते.

आता स्टीलचे ताट घ्या, वजन ३५० ग्रॅम. हे ताट मुळात हलके आणि स्टील किलोमागे उष्णताही कमी घेते. तेच ७० अंशांचे अडीचशे ग्रॅम जेवण २५ अंशांच्या स्टीलच्या ताटात वाढले, तर ते ६२-६३ अंशांवर थांबते. स्टीलच्या ताटाने जेवणातून घेतलेली उष्णता चिनी मातीच्या निम्म्याहून कमी भरते.

एका गटाच्या भगिनींबरोबर मी सामानाच्या दुकानात गेलो होतो, तेव्हा हाच मुद्दा निघाला. दुकानदार म्हणाला, "ताई, शंभर प्लेटचाच घ्या. उद्या धंदा वाढला की पुन्हा खर्च नको."

गटाच्या अध्यक्षा ताई म्हणाल्या, "दादा, आमची ताटं सगळी स्टीलची आहेत. ह्यात ठेवली तर गरम होतील ना?"

"होणार की!"

"आणि बाहेर काढल्यावर किती वेळ गरम राहतील?"

दुकानदार जरा घुटमळला. म्हणाला, "स्टील हो ताई ते. लगेच निवतं."

"मग आम्ही कशाला घ्यायचा?" ताईंनी विचारले, आणि यादीतले ते नाव खोडले गेले.

प्रश्न साधा होता. पण कर्जाच्या पैशाने खरेदी करताना असेच साधे प्रश्न विचारायचे असतात. पातळ स्टीलचे ताट लवकर तापते आणि लवकर निवते. शिवाय तापलेले स्टील हाताला चिनी मातीपेक्षा जास्त चटकन भाजते, कारण धातू आपली उष्णता कातडीला झटकन देतो. म्हणून ज्या कॅन्टीनमध्ये स्टीलच्या ताटात किंवा खाचांच्या थाळीत जेवण वाढतात आणि माणूस वाढल्याबरोबर जेवायला बसतो, तेथे प्लेट वॉर्मरची गरज नाही.

मग गरज कोणाला?

ज्याच्याकडे चिनी मातीच्या जाड प्लेटा आहेत, ज्याचा हॉल वातानुकूलित आहे आणि प्लेटा त्याच थंड हॉलमध्ये रचून ठेवलेल्या असतात, त्याला. ज्याच्या जेवणात तूप, लोणी, मलई, चीज असे थंडीने थिजणारे पदार्थ आहेत, त्याला. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी थंडीच्या दिवसांत ज्याचे हॉटेल चालते, त्याला. आणि लग्नात बुफे मांडणाऱ्या केटररला, कारण तेथे माणूस प्लेट घेऊन रांगेतून पुढे सरकतो आणि पहिला पदार्थ वाढून घेतल्यापासून खायला सुरुवात करेपर्यंत पाच-सात मिनिटे जातात.

आपल्याकडे भटारखाना बहुधा उकाड्याचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत तेथे ठेवलेली प्लेट आपोआपच ३५ अंशांवर असते. अशा ठिकाणी पहिला उपाय फुकटचा आहे. प्लेटा थंड हॉलमधून काढून भटारखान्याच्या कोरड्या, झाकलेल्या मांडणीवर ठेवा.

दुसरा उपाय थोड्या खर्चाचा. घासलेल्या प्लेटा शेवटी जाळीच्या टोपलीत घालून कढत पाण्यात बुडवायच्या. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीत यासाठी ७७ अंशांचे पाणी आणि ३० सेकंद असे प्रमाण दिले आहे, कारण त्याने प्लेटा निर्जंतुकही होतात. बाहेर काढल्यावर आपल्याच उष्णतेने त्या लवकर वाळतात, पुसायला फडके लागत नाही आणि वाढेपर्यंत उबदार राहतात. मात्र हात पाण्यात घालायचा नाही, टोपलीला लांब दांडा हवा. मोरीवरच्या माणसाला रबरी हातमोजे आणि न घसरणारी चप्पल मिळालीच पाहिजे.

एवढे करूनही भागत नसेल, तर यंत्राकडे वळा.

प्रकार कोणते?

पहिला प्रकार कपाटाचा. स्टीलचे कपाट, आत जाळीचे कप्पे, पुढे दार. लहान हॉटेलला हाच सोयीचा. बशा, वाट्या, प्लेटा वेगवेगळ्या आकाराच्या असल्या तरी चालतात. पंखा असलेल्या कपाटात वरच्या आणि खालच्या कप्प्यात उष्णता सारखी मिळते.

दुसरा नळकांड्याचा. उभ्या गोल खोबणीत स्प्रिंग असते आणि तिच्यावर प्लेटांची चळत. वरची प्लेट उचलली की खालची वर येते. बुफेला हा प्रकार छान. पण खोबणीचा व्यास आणि आपल्या प्लेटेचा व्यास जुळलाच पाहिजे, नाहीतर प्लेटा तिरक्या होऊन अडकतात. स्प्रिंगचा ताणही प्लेटांच्या वजनाप्रमाणे लावून घ्यावा लागतो.

तिसरा म्हणजे टेबल-कपाट. वरती बेन मारी किंवा वाढपाचे टेबल आणि त्याच टेबलाच्या खाली प्लेटा तापवण्याचे कपाट. जागा कमी असेल त्या कॅन्टीनला हा उपयोगी, कारण वाढणाऱ्याला चार पावलेही चालावी लागत नाहीत.

आणखी एक साधन वाढपाच्या खिडकीवर टांगलेल्या दिव्यांचे असते. तो प्लेट वॉर्मर नव्हे. वाढलेले ताट वेटर उचलीपर्यंतच्या दोन-चार मिनिटांसाठी तो असतो. त्याच्याखाली अर्धा तास ताट ठेवले तर वरून अन्न वाळते आणि आतून निवते.

दुकानात काय पाहावे?

आपली स्वतःची एक प्लेट पिशवीत घालून दुकानात न्या. कप्प्यात ती नीट बसते का, किती बसतात, ते मोजून पाहा. दुकानदार 'शंभर प्लेटचा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनातली प्लेट लहान असू शकते.

वजनाचा विचार करा. ६०० ग्रॅमच्या शंभर प्लेटा म्हणजे ६० किलो. तळ, कप्पे आणि चाके ते वजन पेलतील अशी हवीत. चाकांना ब्रेक हवा.

थर्मोस्टॅट आहे का, ते विचारा. नुसते चालू-बंदचे बटण असेल तर प्लेटा एक तर कोमट राहतील किंवा हात भाजण्याइतक्या तापतील, आणि वीज विनाकारण जळेल. भिंत दुहेरी असून मध्ये उष्णता अडवणारे अस्तर आहे का, तेही पाहा. दुकानात यंत्र अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि बाहेरून हात लावा. बाहेरचा पत्रा चांगलाच तापला, तर आपल्या पैशाची वीज बाहेर चालली आहे असे समजा.

स्टीलबद्दल एक गोष्ट. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "बघा, चिकटत नाही, एक नंबर माल!" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ३०४ नंबरचे चांगले स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण २०२ नंबरचे स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही. ते पाण्या-मिठाने लवकर गंजते. म्हणून स्टीलचा नंबर बिलावर लिहून घ्या. त्याच बिलावर वॅट, गॅरंटीची मुदत आणि दुरुस्तीला कारागीर कोण पाठवणार, हेही लिहून घ्या. तोंडी शब्द कर्जाच्या हप्त्याला उपयोगी पडत नाही.

बंद पडलेल्या हॉटेलचे जुने यंत्र स्वस्तात मिळते. घ्यायला हरकत नाही, पण ओळखीच्या वायरमनकडून कॉइल, वायर आणि अर्थिंग तपासून मगच पैसे द्या. दाराचे रबर फाटलेले असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

महिन्याचा हिशेब

शंभर प्लेटा ३० अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला कागदावर अर्धा युनिट वीज पुरते. हवेत जाणारी उष्णता धरली तर एक किलोवॅटच्या यंत्राला साधारण तासभर द्यावा. त्यानंतर थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत राहतो.

आता खर्च मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही आपापले घाला. समजा यंत्र २४,००० रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे टिकेल. म्हणजे महिन्याला ४०० रुपये. रोज अडीच युनिट वीज धरली तर २६ दिवसांची ६५ युनिटे. युनिटला १२ रुपये धरले तर ७८० रुपये. तुमचा खरा दर धंद्याच्या वीजबिलावर पाहा, घरगुती दराने हिशेब करू नका. दुरुस्तीसाठी महिन्याला १२० बाजूला काढा. एकूण झाले १,३०० रुपये. कर्जाचे व्याज त्यावर वेगळे.

रोज ६० गिऱ्हाइके चिनी मातीच्या प्लेटेत जेवत असतील, तर महिन्याच्या १,५६० प्लेटा होतात. एका प्लेटेवर खर्च पडला सुमारे ८३ पैसे. गिऱ्हाईक गरम जेवणावर खूश होऊन पुन्हा येत असेल, तर हा खर्च जड नाही. पण रोज २० च प्लेटा लागत असतील, तर तोच खर्च एका प्लेटेला अडीच रुपये होतो. मग विचारा, या अडीच रुपयांत मी भाजीत चार वाटाणे जास्त घातले असते तर गिऱ्हाईक अधिक खूश झाले नसते का? कोणतेही यंत्र घेताना किमतीपेक्षा हा 'एका ताटामागचा खर्च' काढायची सवय लावून घ्या.

विजेची जोडणी

२३० व्होल्टवर एक किलोवॅटचे यंत्र साडेचार अँपिअरच्या आत वीज ओढते, दीड किलोवॅटचे साडेसहा. घरात पंख्या-दिव्यासाठी असते ती लहान पिन सहा अँपिअरची. म्हणून दीड किलोवॅटचे यंत्र तिच्यावर लावू नये. यंत्रासाठी सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्या. मिक्सर, फ्रीज आणि वॉर्मर एकाच लांबवलेल्या बोर्डावर लावणे म्हणजे आगीला बोलावणे आहे.

अर्थिंगच्या बाबतीत काटकसर नको. भटारखान्यात पायाखाली पाणी असते, हात ओले असतात आणि पत्र्याचे यंत्र समोर असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि अर्थिंग नसले, तर माणूस जातो. मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. विजेची गळती झाली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर वीज गेली म्हणजे आरसीसीबी जिवंत आहे.

रोजचा वापर

वाढप सुरू होण्याआधी तासभर यंत्र लावा. प्लेटा पूर्ण कोरड्या करूनच आत ठेवा. वॉर्मर म्हणजे प्लेटा वाळवण्याचे किंवा निर्जंतुक करण्याचे यंत्र नव्हे. ओल्या प्लेटा एकावर एक रचून कोमट कपाटात ठेवल्या, तर दोन प्लेटांमध्ये अडकलेल्या ओलाव्यात जंतू वाढतात आणि वासही येतो.

दार आणि पंख्याची जाळी यांना चिकटून प्लेटा रचू नका, हवा फिरायला वाट ठेवा. नव्या प्लेटा मागे किंवा खाली घाला आणि आधीच्या तापलेल्या आधी वापरा. नळकांड्याच्या यंत्रात हे जमत नाही, कारण तेथे नवी प्लेट नेहमी वरच येते. गर्दीच्या वेळी मोरीतून आलेल्या प्लेटा वरून टाकत गेले तर गिऱ्हाइकाला थंड प्लेट मिळते आणि तळाच्या प्लेटा दिवसभर नुसत्या तापत राहतात. त्यासाठी दोन नळकांडी ठेवावीत. एक वापरात असताना दुसरे भरून तापू द्यावे.

मेलामाइनच्या आणि प्लॅस्टिकच्या प्लेटा वॉर्मरमध्ये ठेवू नका. उष्णतेने प्लॅस्टिक वाकते आणि तापलेल्या मेलामाइनमधून नको ती रसायने अन्नात उतरू शकतात. तडा गेलेली चिनी मातीची प्लेट तापल्यावर हातातच फुटू शकते, ती आधीच बाजूला काढा. कोशिंबीर, दही, आइस्क्रीम यांच्यासाठी गरम प्लेट वापरायची नाही, त्यांच्या बशा वेगळ्या ठेवा.

रात्री यंत्र बंद करा, पिन काढा, निवू द्या आणि ओल्या फडक्याने आतून पुसा. पाईपने पाणी मारू नका. उबदार, अंधारी जागा झुरळांना फार आवडते. म्हणून आठवड्यातून एकदा कप्पे बाहेर काढून मागची-खालची जागाही साफ करा.

आणि अन्नाचे काय?

आता खऱ्या जबाबदारीच्या प्रश्नाकडे येऊ. प्लेट थंड असली तर गिऱ्हाईक कुरकुर करील. पण अन्न तासन् तास कोमट राहिले तर माणूस आजारी पडेल. ५ अंश ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, आणि त्याखालील २०११ सालच्या नियमांतही गरम अन्न ६० अंशांवर आणि थंड अन्न ५ अंशांखाली ठेवावे अशी अपेक्षा आहे.

भाताचे उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. सकाळी दहाला शिजवलेला भात दुपारी तीनपर्यंत नुसता झाकून ठेवला, की त्या कोमटपणात बीजे जागी होतात आणि विष तयार करतात. ओकाऱ्या करवणारे ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मटणाच्या मोठ्या पातेल्याचेही तसेच. ते आतून फार हळू निवते आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या जातीचे जंतू वाढतात. जयंतीच्या पंगतीत किंवा लग्नात शेवटच्या पंगतीची माणसे आजारी पडतात, त्याचे कारण पुष्कळदा येथे असते.

यासाठी साधन म्हणजे बेन मारी, गरम पाण्याच्या हौदात बसवलेली झाकणाची भांडी. हौदात गार पाणी न ओतता गरमच पाणी ओता. पाणी कॉइलच्या वर राहील याकडे लक्ष ठेवा, कोरडी पडली की कॉइल जळते. अन्न चुलीवर वाफाळेपर्यंत गरम करून मगच बेन मारीत ठेवा, कारण गार अन्न गरम करण्याची ताकद तिच्यात नसते. झाकण लावा आणि अधूनमधून ढवळा. सकाळच्या उरलेल्या भाजीत संध्याकाळची नवी भाजी ओतू नका.

बुफेत ज्योतीवरची भांडी वापरतात. त्यांत इंधनाचा डबा जळत असताना वरून इंधन कधीही ओतू नका. ज्योत दिसत नाही म्हणून विझली असे समजून ओतले, की भडका उडतो. डबा विझवा, निवू द्या आणि मग बदला.

आणि एक वस्तू जरूर घ्या, ती म्हणजे अन्नात खुपसण्याचा थर्मामीटर. प्लेट वॉर्मरच्या किमतीच्या छोट्याशा अंशात तो मिळतो. पातेल्याच्या मधोमध खुपसा आणि ६० च्या वर आकडा आहे का, पाहा. प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर तो स्वच्छ पुसा. माझ्याकडे येणाऱ्या यादीत हा थर्मामीटर नसेल तर मी तो आधी लिहायला लावतो, बाकीचे सामान त्यानंतर.

नोकरी करणाऱ्या भावंडांसाठी

दुसऱ्याच्या हॉटेलात काम करणाऱ्या तरुणांनाही हे ज्ञान हवे. ६० अंशांची प्लेट उघड्या हाताने उचलायची नसते. त्यासाठी कोरडे, घडी घातलेले फडके लागते. ओल्या फडक्यातून उष्णता लगेच हातात उतरते. गिऱ्हाइकापुढे प्लेट ठेवताना "प्लेट गरम आहे" असे सांगा, आणि जवळ लहान मूल असेल तर प्लेट त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. हात भाजलाच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा आणि कामावर असताना भाजल्याची नोंद तिथल्या तिथे करून घ्या.

यंत्राला हात लावताना मुंग्या आल्या किंवा झिणझिणी जाणवली, तर "होईल बरे" म्हणून काम पुढे रेटू नका. पिन काढा, मालकाला सांगा आणि वायरमन येईपर्यंत त्या यंत्राला कोणालाही हात लावू देऊ नका. मालक रागावला तरी चालेल. यंत्र पुन्हा विकत आणता येते.

ज्याला यंत्र चालवता येते त्याला किंमत आहेच. पण यंत्र कधी बंद करायचे हे ज्याला कळते, त्याच्या हाती उद्या भटारखाना सोपवला जातो. हॉटेलात काम करता करता बेन मारीचे, वॉर्मरचे, थर्मामीटरचे बारकावे शिकून घ्या, वहीत लिहून ठेवा. स्वतःचा धंदा टाकाल तेव्हा ही वही तुमच्या भांडवलात धरली जाईल, आणि तिच्यावर व्याज द्यावे लागणार नाही.